पत्रा आणि कौल

शब्दांच्या राज्यातही कुलीन आणि अकुलीन असा भेद असतो. 'कौल' हा शब्द कुलीनांपैकी. घरावर असते ते कौल. देवापुढे तांदूळ किंवा कळे लावून मिळतो तो कौल. मतदार देतात तो कौल. आणि जुन्या काळी राजाने रयतेला दिलेल्या अभयवचनालाही कौलच म्हणत. 'पत्रा' या शब्दाच्या नशिबी मात्र असा मान आला नाही. 'पत्र्याची खोली' म्हटले की भाडेकरूची ओढग्रस्त आठवते, 'पत्र्याची पेटी' म्हटली की वसतिगृहातला गरीब विद्यार्थी. वस्तुतः पत्र, पत्रिका, पत्रावळ आणि पत्रा ही सारी एकाच संस्कृत घराण्याची लेकरे. मूळ अर्थ पान. झाडाचे पान पातळ असते, रुंद असते आणि ऊन-पाऊस अंगावर घेऊन खालच्याला सावली देते. या अर्थाने पाहिले, तर छपरावरच्या पत्र्याइतके आपल्या नावाला जागणारे भावंड दुसरे नसेल.

मी मराठीचा मास्तर. पत्र्याच्या व्युत्पत्तीपलीकडे त्याच्या गुणदोषांत शिरण्याचे मला वास्तविक काही कारण नव्हते. परंतु सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला व्याकरणाइतकेच वासे, रिपा, हिशेबाची पावती आणि स्वयंपाकाचा गॅस यांचेही ज्ञान ठेवावे लागते. गेल्या काही वर्षांत आमच्या शाळेच्या निमित्ताने मला या विषयाचा थोडा अभ्यास करावा लागला. तो केवळ माझ्यापाशी राहू नये, म्हणून हा लेखनप्रपंच. या मासिकाच्या वाचकांपैकी कोणी गोव्यात घर शाकारीत असेल, कोणी बडोद्यास गच्चीवर छप्पर घालीत असेल, कोणी ग्वाल्हेरकडे वडिलोपार्जित वाड्याची डागडुजी करीत असेल. त्यांना यातले चार शब्द उपयोगी पडले, तर श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

आमचा खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या कुशीत आहे. कणकुंबी, जांबोटी ही नावे पावसाच्या बातम्यांतून वाचकांनी ऐकली असतील. जूनमध्ये जो आभाळाचा पडदा खाली येतो, तो सप्टेंबर सरेपर्यंत क्वचितच वर जातो. अशा मुलखात छप्पर हीच घराची खरी इज्जत. आमच्याकडे ती इज्जत आजवर कौलांनी राखली. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला आणि 'मंगळुरी कौल' साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले. आमच्या खानापुरातही चांगली माती असल्यामुळे कौलांचा धंदा भरभराटीस आला. कौलाचे गुण कोणाला नव्याने सांगावयास नकोत. ते उन्हाळ्यात घर थंड ठेवते, पावसाचा आवाज मऊ करून आत सोडते, आणि एक फुटले तर एकच बदलता येते.

पण कौलाला माणूस लागतो. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी हवी. कौले उतरवून, झाडून, फुटकी बाजूला काढून पुन्हा रचावयाची. वानरांची टोळी एका सकाळी येऊन गेली की महिन्याभराचे काम वाया. छपरावर पाय कुठे ठेवावा हे जाणणारी माणसे आता गावात उरली नाहीत. त्यांची मुले गोव्याला, पुण्याला, बंगळुरास कामाला आहेत. शाकारणी चुकली की पाणी वाशात मुरते, आणि एकदा वासा कुजला की कौलाचे वजन त्याला पेलवत नाही. हिशेब करून पाहावा. एका चौरस मीटरला साधारण १५ मंगळुरी कौले लागतात आणि त्यांचे वजन चाळीस किलोंच्या आसपास जाते. भिजल्यावर आणखी थोडे. अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा तेवढ्याच जागेवर घातला, तर त्याचे वजन भरते केवळ चार किलो. एकास दहा असे हे प्रमाण.

ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत उत्तर कर्नाटकात जो हाहाकार उडाला, त्यात आमच्या शाळेच्या दोन खोल्यांचे आढे खचले. तेव्हापासून त्या खोल्या टेकू देऊन उभ्या होत्या. पुढे महामारीची दोन वर्षे शाळा बंद. आणि बंद छपराला पाऊस अधिकच निर्दयपणे वागवितो. २०२२ च्या आरंभी दुरुस्तीचा निधी मंजूर झाला. अभियंत्याने अंदाजपत्रकात लोखंडी कैच्या आणि त्यांवर 'ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा' असे लिहिले होते.

शाळा सुधारणा समितीची सभा भरली. गावातले एक वृद्ध गृहस्थ, ज्यांच्या तीन पिढ्या याच शाळेत शिकल्या, ते उठून म्हणाले, "गुरुजी, शाळेवर पत्रा घालून तिचं गोदाम करतासा व्हय?" सभा हसली, पण त्या हसण्यात संमतीही होती. दुसऱ्या बाजूला तरुण पालकांचे म्हणणे असे की कौलारू शाळा पाहूनच लोक आपली मुले शहरातल्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवितात. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ज्या वस्तूविषयी मत द्यावयाचे, ती वस्तू आधी काय आहे हे जाणून घेणे हा शिक्षकाचा धर्मच आहे.

लोखंडाचा शत्रू गंज. हवा आणि पाणी ही जी जीवनाची दोन साधने, तीच लोखंडाच्या नाशाची. लंडनच्या गोदीतील अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली पन्हळी पत्र्याचे एकस्व मिळविले. पातळ पत्र्याला घड्या पाडल्या की तो आपल्याच बळावर ताठ राहतो, हे त्याचे मर्म. कागदाची साधी पट्टी दोन पुस्तकांच्या मध्ये ठेवली तर वाकते. तीच पंख्यासारखी चुण्या पाडून ठेवली तर वर पेन्सिल पेलते. हा प्रयोग सातवीच्या वर्गात मी स्वतः करून दाखवितो. पामरचा पत्रा ताठ होता, परंतु गंजत होता. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल याने लोखंडाला वितळलेल्या जस्तात बुडविण्याच्या कृतीचे एकस्व घेतले आणि आपल्या परिचयाचा 'जी.आय. पत्रा' जन्मास आला. बेडकाच्या तंगडीवर विजेचे प्रयोग करणाऱ्या गॅल्व्हानीचे नाव या कृतीला चिकटले. कारण जस्त लोखंडाला जे संरक्षण देते, त्याचे मूळ विद्युतक्रियेतच आहे.

हे संरक्षण कसे घडते ते समजून घेण्यासारखे आहे. तेलाच्या डब्याचा पत्रा आपण पाहतो. त्याच्यावर कथलाचा पातळ थर असतो. जोवर थर अखंड, तोवर डबा चकचकीत. पण एकदा ओरखडा पडला की उघडे लोखंड अधिकच वेगाने गंजते, कारण कथील स्वतः सुरक्षित राहून लोखंडाला पुढे करते. जस्ताचा स्वभाव याच्या उलट. ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, तरी शेजारचे जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचविते. वज्रासाठी आपल्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची आठवण व्हावी असे हे वागणे. अर्थात दधीचीच्या अस्थींनाही सीमा असते. जस्त संपले की पत्रा गंजू लागतो. आणि सतत ओल्या, खाऱ्या हवेत ते लवकर संपते.

जाता जाता एक अभिमानाची गोष्ट. जस्त हे आपल्या देशाला परके नाही. संस्कृतात त्याला 'यशद' म्हणत. राजस्थानात उदयपूरजवळच्या जावर येथे मध्ययुगात मातीच्या मुशींतून मोठ्या प्रमाणावर जस्त गाळले जात होते. तेथे अशा मुशींचे ढिगारेच्या ढिगारे सापडले आहेत. जस्त तापविले की त्याची वाफ होऊन ते हवेत जळून जाते. ती वाफ बंद मुशीतून खाली उतरवून थंड करण्याची युक्ती आपल्या कारागिरांनी युरोपच्या कितीतरी आधी साधली होती.

ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका त्याला 'जर्मन' म्हणत. 'जर्मनचे पातेले' हा शब्द अजून बाजारात ऐकू येतो. ही धातू ज्या बॉक्साइटपासून निघते, ते आमच्या सह्याद्रीच्या पठारांवर आहे, आणि त्यापासून अल्युमिना काढण्याचा मोठा कारखाना बेळगावच्या वेशीवरच उभा आहे. ॲल्युमिनियमला हवा लागताच त्याच्या अंगावर भस्माचा एक अतिसूक्ष्म, घट्ट पापुद्रा तयार होतो आणि तो आतल्या धातूला पुढे झिजू देत नाही. कर्णाच्या कवचासारखे हे उपजत कवच. कर्णाचे कवच एकदा कापले गेले ते परत आले नाही. ॲल्युमिनियमचे मात्र खरवडले तरी क्षणात पुन्हा उगवते. मग साऱ्या पत्र्यांना ॲल्युमिनियमचाच मुलामा का देऊ नये? कारण हे कवच स्वतःपुरते असते. पत्रा कापला, भोक पाडले आणि लोखंड उघडे पडले, तर साध्या हवा-पावसात ॲल्युमिनियम त्याच्यासाठी सहसा झिजत नाही. जस्त उदार पण अल्पायुषी. ॲल्युमिनियम दीर्घायुषी पण आपमतलबी.

या दोघांना एकत्र नांदविण्याचे काम अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बेथलेहेम स्टील या कंपनीच्या संशोधकांनी केले. अनेक प्रमाणे करून, नमुने वर्षानुवर्षे उन्हापावसात ठेवून, त्यांनी एक मिश्रण नक्की केले आणि १९७२ साली ते बाजारात आले. 'गॅलव्हॅल्यूम' हे त्याचे नाव. ऑस्ट्रेलियात त्याला 'झिंकाल्यूम' म्हणतात. वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, सुमारे ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन, असे हे मिश्रण. पोलादाची पट्टी स्वच्छ करून, तापवून, सुमारे ६०० अंश सेल्सियसच्या या वितळलेल्या रसातून ओढतात. बाहेर येताना हवेच्या झोताने जास्तीचा रस निपटून काढतात आणि पट्टी झपाट्याने थंड करतात.

थंड होताना जे घडते ते मला फार मनोहर वाटले. ॲल्युमिनियम आधी गोठते, आणि तेही झाडाच्या फांद्यांप्रमाणे शाखा-उपशाखा फुटत गोठते. जस्त मागाहून, त्या फांद्यांमधल्या फटींत थिजते. नव्या पत्र्यावर तिरप्या उन्हात ज्या चांदण्या चमकतात, त्या या स्फटिकांच्या. पाऊस पडू लागला की फटींतले जस्त आधी झिजते, उघड्या कडांना आपले दान देते, आणि त्याच्या झिजेतून निघालेला क्षार त्याच फटींत अडकून बसतो व पुढची झीज मंदावतो. फांद्यांचा ॲल्युमिनियमी सांगाडा मात्र जागच्या जागी उभा राहतो. एकाने दान करावे आणि दुसऱ्याने टिकून राहावे, अशी ही वाटणी.

आणि तो १.६ टक्के सिलिकॉन? तो नसता तर हा सारा संसार पहिल्याच दिवशी मोडला असता. तप्त ॲल्युमिनियमला लोखंडाची इतकी ओढ असते की दोघांच्या संयोगातून जाड, ठिसूळ थर तयार होतो आणि पत्रा वाकविताच मुलाम्याचे पोपडे पडतात. सिलिकॉन ही ओढ आवरतो. मुलामा घट्ट चिकटतो, पण मर्यादेत राहून. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपणा मंडळींना, संख्येने शंभरात दीड-दोन असूनही दोन मोठ्या समाजांचे नाते जुळवून धरणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको.

ज्या कंपनीने हा पत्रा जगाला दिला, ती २००१ साली दिवाळखोरीत गेली आणि पुढे नाहीशी झाली. तिचे छप्पर मात्र देशोदेशी टिकून आहे. आपल्याकडे आता हा पत्रा झारखंड, महाराष्ट्र आदी राज्यांतल्या कारखान्यांत तयार होतो, आणि त्यासाठी 'आय.एस. १५९६१' हे भारतीय मानकही आहे. सारख्या जाडीच्या मुलाम्याचा विचार केला, तर तो जस्ती पत्र्याच्या दुप्पट ते चौपट टिकतो असा सर्वसाधारण अनुभव सांगतात. 'ए.झेड. १५०' म्हणजे एका चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम मुलामा. जस्ती पत्र्यात चांगला समजला जाणारा प्रकार २७५ ग्रॅमचा. पहिल्या दृष्टीस १५० हा आकडा कमी वाटतो. परंतु ॲल्युमिनियम हलके असल्यामुळे दोन्ही मुलाम्यांची जाडी भरते सारखीच, एकेका बाजूस सुमारे २० मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचे केस याच्या कितीतरी पट जाड असतात. एवढ्याशा पदरावर आपण चार महिन्यांचा पाऊस झेलतो!

इतके वाचून झाल्यावर मी समितीपुढे गुण मांडले, आणि दोषही मांडले. कारण या पत्र्याचे काही हाडवैरी आहेत, आणि ते आपल्या घरातच वावरतात.

पहिला वैरी ओला सिमेंट आणि चुना. त्यांचा क्षार ॲल्युमिनियमला खातो. गवंड्याने उडविलेला गिलावा पत्र्यावर वाळू दिला, तर तेथे डाग नव्हे, भोक पडते. दुसरा तांबे. तांब्याची तार किंवा नळी पत्र्याला टेकली, किंवा तांब्यावरून वाहिलेले पाणी पत्र्यावर ठिबकत राहिले, तर मुलामा झपाट्याने झिजतो. तिसरा गोठा. गोमूत्रातून उठणारा अमोनिया याला सोसत नाही; म्हणून गोठ्यावर हा पत्रा घालू नये असे त्याचे कर्तेच सांगतात. चौथा खारा वारा. समुद्राच्या अगदी काठी हमीच्या अटी बदलतात, हे गोव्याच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. तेथे वळचणीखालचा जो भाग पावसाने धुतला जात नाही, तो आधी गंजतो. अधूनमधून गोड्या पाण्याने धुणे हाच उपाय. पाचवा वैरी तर विलक्षण; तो म्हणजे पेन्सिल! सुताराच्या कानावरची साधी शिसपेन्सिल. तिच्यातले शिसे हे खरोखर शिसे नसून ग्राफाइट असते, आणि ग्राफाइटची रेघ ओल्या पत्र्यावर विजेचा सूक्ष्म घट निर्माण करून मुलामा खाते. ज्या पेन्सिलीने आमची मुले शहाणी होतात, तिच्याच एका रेघेने त्यांचे छप्पर गंजावे, हा योग मला मोठा विचित्र वाटला. खुणेसाठी शाईचे मार्कर वापरावे.

आणखी एक गोष्ट, जी अनेक जाणत्यांनाही ठाऊक नसते. वर नवा ॲल्युमिनियम-जस्ती पत्रा आणि खाली जुनी जस्ती पन्हळ, अशी जोडी करू नये. नव्या पत्र्यावरून पाणी जवळजवळ निर्मळ वाहते आणि ते निर्मळ पाणी खालच्या जस्ताला अधिक भुकेने खाते. जोडी करावयाची तर सारख्याशी सारखे.

समितीने शेवटी पत्र्याला संमती दिली. परंतु ओसरी कौलारूच ठेवावी असे ठरले. उतरविलेल्या कौलांतली धड कौले तेथेच वापरली. काम एप्रिल-मे महिन्यांत झाले. पत्रे आले तेव्हा वळवाचे दिवस होते. एकावर एक रचलेल्या पत्र्यांत पाणी शिरले तर ते काळे पडतात, म्हणून आम्ही ते तिरपे ठेवून ताडपत्रीने झाकले. कारागीर उत्तम होते, पण घाईत होते. भोके पाडताना निघालेला लोखंडाचा कीस पत्र्यावर तसाच राहिला, तर पहिल्या पावसात त्याचे तांबडे ठिपके उठतात. मी त्यांना चहा पाजला आणि सातवीच्या मुलांनी आणलेले मऊ कुंचे त्यांच्या हाती दिले. रोज संध्याकाळी छप्पर झाडूनच ते खाली उतरत. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर, सरळ, आणि रबरी वायसर चेपेल पण फुटणार नाही इतकेच आवळून. छप्पर हलके असल्यामुळे वळवाच्या वाऱ्याने उडण्याचे भय असते. म्हणून कडेच्या ओळींत स्क्रू अधिक दाट घातले.

जूनमध्ये पाऊस आला, आणि त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नातला जो भाग कोणत्याच पुस्तकात मला सापडला नव्हता, तो डोक्यावर वाजू लागला. थेंब एकही आत आला नाही, पण आवाज! चौथीच्या वर्गात बाई कविता शिकवीत होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसत, शब्द पहिल्या दोन बाकांच्या पलीकडे पोचत नसे. शुद्धलेखन घालणे थांबले. जोराची सर आली की फळ्यावर लिहावयाचे आणि सर ओसरेपर्यंत मुलांनी मुकाट्याने उतरून काढावयाचे, असा क्रम पडला. शहरातल्या वाचकाला ही अडचण किरकोळ वाटेल. परंतु आमच्या मुलांच्या कानांवर दिवसभर कन्नड, हिंदी आणि मोबाइलवरचे काहीबाही पडत असते. शुद्ध, सावकाश, अर्थपूर्ण मराठी त्यांना ऐकावयास मिळते ती शाळेतले पाच-सहा तास. वर्षातल्या पहिल्या चार महिन्यांत तीही ऐकू येऊ नये, तर मराठी शाळा राखली म्हणजे काय राखले? जुलैत दोन पालक दाखला मागावयास आले. त्यांतल्या एकाने स्वच्छ सांगितले, "पोरगं म्हणतंय, वर्गात कायबी ऐकू येत नाही."

आवाजाचे कारण सोपे आहे. पातळ पत्रा म्हणजे ताणलेले चामडे आणि खोली म्हणजे नगाऱ्याची पोकळी. उपाय दोनच, पत्र्याचे कंपन दडपावयाचे, आणि त्याच्या व कानाच्या मध्ये दुसरा पडदा आणावयाचा. पत्र्याखाली काचलोकरीचा थर आणि खाली फळ्यांची तक्तपोशी केली की दोन्ही साधते. निधीत याची तरतूद नव्हती. गावातून वर्गणी काढली. कोणी पैसे दिले, कोणी दोन दिवसांचे काम दिले. फळ्यांचा प्रश्न होता. तेव्हा ज्यांनी 'गोदाम' हा शब्द उच्चारला होता, त्याच वृद्धांनी आपल्या पडक्या घराच्या माळ्यावरच्या फणसाच्या फळ्या बैलगाडीतून शाळेत पाठविल्या. स्वतः काठी टेकीत मागून आले आणि म्हणाले, "पत्रा तुमचा, फळी आमची. आता बोला."

गणपतीच्या सुट्टीत तक्तपोशी झाली. पत्रा आणि फळ्या यांच्यामध्ये हवा खेळती राहावी म्हणून दोन्ही टोकांना जाळ्या ठेवल्या. त्यामुळे उन्हाळ्याचाही बराच ताप कमी झाला. कोरा पत्रा उन्हाचा मोठा भाग परतवितो खरा. परंतु एकदा तापला की आपली उष्णता सहजासहजी बाहेर टाकीत नाही, हा त्याचा आणखी एक दोष. त्याच्यावर पांढरा रंग असेल तर तो निवतोही लवकर. आवाज पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. मुसळधार सरीत बाईंना अजूनही आवाज चढवावा लागतो. पण शेवटच्या बाकावरची मुलगी आता शुद्धलेखन लिहिते. दाखला मागणाऱ्या दोघांपैकी एकाचा मुलगा शाळेत राहिला, दुसरा गेला. त्याच्या जाण्याचे सारे खापर पत्र्यावर फोडणे न्यायाचे होणार नाही. तो प्रश्न छपराहून मोठा आहे.

घरासाठी पत्रा घेऊ इच्छिणाऱ्यांस अखेरीस थोडक्यात सांगतो. दुकानदार जी जाडी सांगतो ती मुलामा व रंग धरून, की नुसत्या पोलादाची, हे आधी विचारावे. पत्र्याच्या पाठीवर छापलेला मुलाम्याचा आकडा आणि मानकाचे चिन्ह स्वतः वाचावे; रंग पाहून भुलू नये. निळ्या-तांबड्या रंगाखाली साधा जस्ती पत्राही असू शकतो. अंदाजपत्रकात तक्तपोशीची रक्कम पहिल्याच दिवशी धरावी. ज्यांची कौले धड आहेत आणि शाकारणारी माणसे हाताशी आहेत, त्यांनी कौले काढण्याची घाई करू नये. ज्यांचे वासे गेले आहेत, त्यांनी पत्रा घालताना कमीपणा मानू नये. आमच्याकडे कित्येकांनी खाली पत्रा आणि वर कौले, अशी दुहेरी छपरेही केली आहेत. पाणी पत्रा अडवितो, ऊन आणि आवाज कौल अडविते. दोन्ही पिढ्यांचे समाधान होते.

आणि पत्रा घातला म्हणजे छपराशी आपला संबंध संपला, असे समजू नये. साठलेली पाने ओल धरतात आणि मुलामा खातात; सैल झालेला एक स्क्रू पाण्याला वाट देतो. दर मे महिन्यात आम्ही शिडी लावतो, पाने झाडतो, वायसर तपासतो, पन्हळ मोकळी करतो. दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम. पूर्वी त्याला आठ माणसे आणि आठवडा लागे. गावातली मंडळी त्या दिवसाला अजून शाकारणीच म्हणतात, आणि मीही हजेरीपुस्तकाच्या टिपणीत तोच शब्द लिहितो.